टिंगलीची गाणी आणि आमची भोंगा पार्टी

एक किस्सा सांगायला घेतला की दुसरा आपणहून मागं येऊन उभा राहतो, आणि तिसरा तर दम न धरता मधेच घुसतो. आमच्या पार्टीतली माणसं हल्ली लग्नकार्यातच भेटतात. पंगतीत बसलं की कुणीतरी म्हणतं, "ते अमुक गाणं आठवतंय का?" की झालं! वाढपी पुन्हा पुन्हा येऊन जातो आणि आमची पानं तशीच. आज तुम्हीच विषय काढलाय, तेव्हा आता ऐका. फक्त मधे बोलू नका, माझं डोकं फिरतं.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर म्हणजे सगळं मिलच्या भोंग्यावर. उठायचं भोंग्यावर, जेवायचं भोंग्यावर, पोरांना झोपवायचं भोंग्यावर. म्हणून आमच्या ऑर्केस्ट्राचं नाव 'भोंगा पार्टी'. आम्ही चौघं होतो. बसू, म्हणजे बसवराज, चाटी गल्लीतल्या कापडदुकानदाराचा मुलगा. घरी कानडी, दुकानात मराठी आणि गिटारवर इंग्रजी! गाणी तोच लिहायचा. नरसय्या पूर्व भागातला, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतला, पॉवरलूमवर चादरी विणायचा आणि आमच्यात ड्रम वाजवायचा. हमीदभाईंचं लाउडस्पीकरचं दुकान होतं आणि ते अकॉर्डियन वाजवायचे. चौथी मी, शैला. मिलच्या ऑफिसात टायपिस्ट. गायचे मी.

बाकीचे ऑर्केस्ट्रे सिनेमाची गाणी म्हणायचे. आम्हीपण म्हणायचो, नाहीतर आम्हाला बोलावणार कोण? पण मधेमधे बसूची टिंगलीची गाणी घालायचो. ठेका पॉपचा आणि शब्द आपल्याच लोकांचे कान उपटणारे. बसूचं म्हणणं असं, की आपल्या देशाला भाषणं ऐकायची इतकी सवय झालीय की भाषणानं आता काही होत नाही. नाचता नाचता चिमटा काढला, तर निदान "आई गं" तरी म्हणतील.

* * *

पहिला चिमटा गणपतीत काढला. एका मंडळाचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे कुठल्याशा पक्षाचे पुढारी, आले उशिरा. मग त्यांचा सत्कार. मग त्यांना आणणाऱ्यांचा सत्कार. मग ज्यांनी हार आणले त्यांचा सत्कार. आम्ही स्टेजमागं वाद्यं मांडीवर घेऊन बसलेलो. तिथंच बसूनं गाणं लिहिलं आणि आम्ही तिथल्या तिथं चाल लावली.

"हार घाला, हार घाला, पाहुण्यांना हार घाला,
रस्ता नाही, नळ नाही, तरी म्हणा छान झाला!"

पुढारी समोरच बसलेले. पण ते मांडीवर ताल धरून हसायला लागले! गाणं संपल्यावर स्वतः उठून माईकपाशी आले आणि म्हणाले, "हे गाणं आमच्या विरोधकांनी घरी जाऊन पाठ करावं."

टाळ्यांचा कडकडाट. मंडळाच्या अध्यक्षांना एवढा आनंद झाला की त्यांनी पुढाऱ्यांना पुन्हा हार घालायचं ठरवलं. हार संपले होते. मग सुरुवातीला माझ्या गळ्यात घातलेला काढून त्यांना घातला.

* * *

आता माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

माझे वडील, अप्पा, त्याच मिलमध्ये जॉबर होते, म्हणजे एका खात्यातल्या कामगारांवरचे मुकादम. मूळचे माढ्याकडचे, शेतीतून मिलमध्ये आलेले. मी गाते हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांच्या मते मी कुठंतरी भक्तिगीतं म्हणत होते. एके दिवशी त्यांच्या खात्यातला जो तो साचा, म्हणजे माग, चालवता चालवता "हार घाला, हार घाला" गुणगुणायला लागला. अप्पांनी एकाला विचारलं, हे कुणाचं गाणं? तो म्हणाला, अप्पा, तुमच्या शैलाचं की!

घरी आल्यावर अप्पा ओरडले असते तर मी भांडले असते. मी भांडायला तयारच बसले होते. पण ते ओरडले नाहीत. पाटावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "गा. लगीन ठरूस्तवर गा. ठरलं की बंद. ज्या घरी जाशील तितल्या लोकांना ह्ये चालायचं न्हाय."

"आणि ते गा म्हणाले तर?" मी विचारलं.

"कोण म्हणंल?"

दिवसभर ऑफिसात साहेबाची पत्रं टाइप करायची, घरी आईला हातभार लावायचा. संध्याकाळी माईकपुढं उभी राहिले की तेवढा वेळ माझा असायचा. माझ्या मैत्रिणी चांगला नवरा मिळावा म्हणून उपास करायच्या आणि मी देवाला सांगायचे, अजून काही दिवस आमचं घर कुणाला सापडू देऊ नको.

* * *

मग भोंग्याचंच गाणं झालं. मिलशेजारच्या मैदानावर कार्यक्रम होता, समोर सगळे मिलमधले कामगार. बऱ्याच जणांची रात्रपाळी, त्यामुळं जेवणाचे डबे घेऊनच आलेले.

"भोंगा म्हणतो ऊठ गड्या, भोंगा म्हणतो पळ,
आमच्याहून स्वतंत्र आमच्या दारामधला नळ!"

सोलापूरच्या माणसाला नळाचं काही सांगावं लागत नाही, पाणी येतं ते त्याच्या मर्जीनं. हशा थांबेना. गाण्याच्या शेवटी हमीदभाईंनी अकॉर्डियनवर भोंगा काढायचा, असं ठरलं होतं. त्यांनी कर्णे पण मोठे लावले होते. भाता पूर्ण ताणून त्यांनी असा काही भोंगा काढला म्हणता, की हुबेहूब!

आणि लोक उठले की हो! डबे उचलले, चपला घातल्या आणि शिस्तीत मिलच्या गेटकडं चालायला लागले. मी माईकवर ओरडतेय, अहो खोटा आहे, गाण्यातला आहे. ऐकतंय कोण! तिकडं गेटवरच्या वॉचमननं भोंगा ऐकून गेटसुद्धा उघडलं. मी मागं वळून बघितलं, तर ड्रमवर नरसय्या नाही. तो स्टेजच्या पायरीवर बसून चपला घालत होता. आठवडाभर आमच्यासोबत याच भोंग्याची तालीम केलेला माणूस!

"नरसय्या, तू कुठं निघालास?"

तो ओशाळून म्हणाला, "शैलाक्का, खोटा आहे ते कळतंय. पाय ऐकंना झालेत."

पण एक सांगते. दुसऱ्या दिवसापासून खरा भोंगा वाजला की खात्यातली माणसं आधी एकमेकांकडं बघून हसायची आणि मग उठायची. उठायचं काही चुकलं नाही, पण हसायला तर लागली. मला त्याचं लई बरं वाटलं.

* * *

आणीबाणी आली. कार्यक्रमाआधी गाणी दाखवून परवानगी घ्यायची, असा नियम निघाला. बसू आणि मी गेलो एका साहेबांकडं. त्यांनी चष्मा लावून रांगेचं गाणं वाचायला घेतलं.

"रांगेमध्ये रामभाऊ, हातामध्ये कॅन,
रॉकेल नाही, साखर नाही, बाकी सगळं छान!"

साहेबांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाले, एरवी गाण्याला हरकत नाही, फक्त रॉकेल नाही असं म्हणता येणार नाही. त्याच्या जागी 'रॉकेल भरपूर, साखर भरपूर' असं म्हणा. बसूनं एकदम मान डोलावली. मी त्याच्याकडं रागानं बघतेय आणि हा आपला नंदीबैल!

कार्यक्रम ज्या पेठेत होता तिथली माणसं त्या दिवशी सकाळपासून रॉकेलच्या रांगेत उभी होती. गाडी आलीच नाही. रिकामे कॅन घेऊन तशीच ती आमच्या कार्यक्रमाला आलेली. मी गायला लागले, "रॉकेल भरपूर, साखर भरपूर, बाकी सगळं छान!"

अहो, मैदान कोसळलं! लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले आणि रिकामे कॅन ठेक्यात बडवायला लागले. नरसय्याचा ड्रम कुणाला ऐकू येईना. पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा! आणि पहिल्या रांगेत साहेब, तोंड लालबुंद.

दुसऱ्या दिवशी बसूला बोलावणं आलं. हमीदभाई म्हणाले, "मैं बोल्या था नईं, भजनां गाओ बोलके!" बसू जाताना सोबत एक चादर घेऊन गेला. आत थंडी असते, असं त्यानं कुणाकडून तरी ऐकलं होतं. आम्ही तिघं बाहेर झाडाखाली उभे. नरसय्या तेलुगूत देवाचं नाव घेत होता. थोड्या वेळानं बसू चादरीसकट बाहेर आला.

आम्ही विचारलं, काय म्हणाले?

बसू म्हणाला, "साहेब म्हणाले, तुमचं आधीचंच बरं होतं. तेच म्हणा."

* * *

त्याच सुमाराला मला बघायला लोक यायला लागले. एका स्थळाबरोबर मुलाचे काका आले होते, आणि पसंती-नापसंती म्हणे तेच सांगणार. पोहे झाले, चहा झाला, नाव-शिक्षण विचारून झालं. मग नेहमीचं, चालून दाखव. मी दारापर्यंत गेले आणि आले. काका तोवर आपला चष्मा शोधत होते. म्हणाले, मला दिसलं नाही, पुन्हा एकदा चाल. मी पुन्हा चालले. चष्मा काही सापडेना. शेवटी काका जरा सरकले, तर तो त्यांच्याच बुडाखाली होता, काच फुटलेली.

काका म्हणाले, "असू दे. अंदाजानं सांगतो. पसंत नाही."

सुटले म्हणून आनंद, आणि अंगाचा तिळपापड पण! तालमीला जाऊन मी सगळं सांगितलं. हमीदभाई आणि नरसय्या हसून लोळायचे बाकी राहिले. बसू मात्र खाली बघून गिटारच्या तारा पिळत बसला. मला शंका आली. हा मागच्या रविवारी अक्कलकोटकडं एक मुलगी बघून आला होता.

मी विचारलं, "तू चालायला लावलंस तिला?"

"मी नाही. मामानं."

"आणि तू काय करत होतास?"

"मी पोहे खात होतो," बसू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गाणं घेऊनच आला. आजवर त्यानं पुढाऱ्यांवर लिहिलं, साहेबांवर लिहिलं. हे पहिलंच स्वतःवर लिहिलेलं. आणि खोटं कशाला बोलू, त्याचं सगळ्यात चांगलं गाणं तेच.

"चालून दाखव राजकुमारा, दारापर्यंत जाऊन ये,
येताना मग आमच्यासाठी गरम चहा घेऊन ये.
मान खाली घालून बस, विचारू तेवढंच बोल,
पोळी एक लाटून दाखव, चौकोनी की गोल!"

* * *

हे गाणं पहिल्यांदा म्हटलं ते टेंभुर्णीत. चौकात स्टेज, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. पुरुष मोकळेपणानं हसत होते. बायका पदर तोंडात धरून बसलेल्या. शहरात बाकीच्या गाण्यांना बायकांची निदान खुसखुस तरी ऐकू यायची, इथं तेवढीही नाही. मला वाटलं, गाणं पडलं.

दुसऱ्या कडव्याला लाईट गेली. माईक बंद, गिटार बंद. मी थांबले. नरसय्या तेवढा सवयीनं वाजवत राहिला, साचा बंद करायला कुणी सांगितलं नव्हतं ना!

आणि त्या अंधारात बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, "चालून दाखव राजकुमारा." मग दुसरा आला. मग सगळ्याच! काही दिसत नव्हतं, कोण गातंय ते कुणाला कळणार नव्हतं, म्हणून सगळ्या गळा मोकळा करून गात होत्या. शब्द एकदाच ऐकलेले, पण एकही चुकला नाही. मी स्टेजवर उभी राहून रडत होते, तेही कुणाला दिसलं नाही.

लाईट आली. सगळ्या बायका गप्प. पदर डोक्यावर, नजर खाली, जणू काही त्या गावच्याच नाहीत.

* * *

हे सोलापुरात पोचायला कितीसा वेळ लागणार? जॉबरची पोरगी नवऱ्यामुलाला चालायला लावते म्हणे! येणार होती ती दोन स्थळं आलीच नाहीत. अप्पा मिलमधून आले ते पडलेल्या चेहऱ्यानंच. या खेपेला ओरडले. पण तो राग नव्हता, भीती होती, हे मला तेव्हासुद्धा कळत होतं.

"आता कोण येतंय आपल्या दारात? उद्यापासनं गाणं बंद म्हणजे बंद."

मी जेवले नाही. आई रडली. पार्टीत बसू स्वतः गायला लागला. बसूचा आवाज असा, की लोक खरा भोंगा कधी वाजतो याची वाट बघायला लागले. हमीदभाई एकदा घरी येऊन अप्पांशी बोलून गेले. अप्पांनी त्यांना चहा पाजला, हवापाण्याचं बोलले आणि गाण्याचा विषय काढू दिला नाही.

अशातच एक स्थळ चालून आलं, आणि तेही टेंभुर्णीचं! मुलाचं डिझेल इंजिन दुरुस्तीचं दुकान, घरी आई, थोडी शेती. आई म्हणाली, अहो, टेंभुर्णीचे म्हणजे त्यांनी ऐकलं असेल. अप्पा म्हणाले, ऐकलं असतं तर आले असते का? मुद्दा बिनतोड होता. मला त्यांनी समोर बसवून सांगितलं, "गाणं येतं का इचारलं तर न्हाय म्हण. आन् ह्ये ठरलं, तर गाण्याचं नाव पुन्यांदा काढायचं न्हाय."

मी हो म्हटलं. अप्पांचा चेहरा बघून दुसरं काही तोंडातून निघेना.

* * *

रविवारी पाहुणे आले. मुलगा, मुलाची आई आणि मुलाचा मामा. मुलगा बऱ्यापैकी उंच, इस्त्रीचा शर्ट, नखांत मात्र ग्रीस, घासूनही न गेलेलं. मुलाची आई नुसती माझ्याकडं टक लावून बघत बसली. बोलायचं काम सगळं मामांकडं.

मामांनी नाव विचारलं. शिक्षण विचारलं. नोकरी विचारली. मग म्हणाले, "गाणं येतं का?"

अप्पा खोकले. मी म्हटलं, "नाही."

एवढं एक अक्षर खोटं बोलायला मला किती जड गेलं म्हणून सांगू! मामांनी मान हलवली, पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बरं, आता जरा चालून दाखव."

मी उठले.

"थांब पोरी," मुलाची आई म्हणाली. "बस खाली."

मी बसले. तिनं मुलाकडं बघितलं. "तू ऊठ."

मुलगा गोंधळला. "मी?"

"तूच. दारापतोर जा आन् ये."

मामा म्हणाले, अगं अक्का, हे काय भलतंच? ती म्हणाली, "तुझं झालं न्हवं इचारून? मग आता गप बस."

मुलगा उठला. शर्ट नीट केला. शाळेत कवायतीला चालतात तसा ताठ चालत दारापर्यंत गेला, वळला, परत आला आणि बसावं की नाही ते न कळून मान खाली घालून तसाच उभा राहिला. अप्पांच्या हातातली बशी कलली होती, चहा धोतरावर सांडत होता, त्यांना पत्ता नव्हता. आत स्वयंपाकघरात आईच्या बांगड्या वाजल्या.

मुलाची आई मला म्हणाली, "आता तू इचार. तुला काय इचारायचं त्ये."

मी अप्पांकडं बघितलं. ते आता धोतर झटकत होते. नको म्हणाले नाहीत.

मी म्हटलं, "मला गाणं येतं. मी खोटं बोलले. आणि मी गाणं सोडणार नाही. तुमचं काय म्हणणं आहे?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"त्या दिवशी लाईट गेली, तवा तुमच्याकडं जनरेटर न्हवता व्हय?"

"नव्हता," मी म्हटलं.

"मग फुडल्या टायमाला मी घेऊन येतो की."